कृष्णगिरीची पोढी आणि नाराचे पाणी

जपानची यात्रा करून परतलेले उपासक-उपासिका आपले प्रवासवृत्त सांगू लागले की त्यात नारा या प्राचीन राजधानीचे वर्णन हटकून येते. प्रचंड लाकडी महाद्वार, त्यापलीकडचे महाबुद्धाचे मंदिर, देवराईत निर्धास्त हिंडणारी हरणे, शिळादीपांच्या रांगांतून कासुगाच्या देवस्थानाकडे जाणारी वाट आणि जुन्या वस्तीतील अरुंद गल्ल्या, या सर्वांचे वर्णन झाल्यावर बहुतेकांच्या तोंडून एकच उद्गार बाहेर पडतो : आपल्याकडे असे काही का उरले नाही?

हा उद्गार काढणाऱ्यांत बोरिवली, अंधेरी, मुलुंड येथे राहणारे आपले बांधवही असतात. ज्या डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना त्यांची घरे आहेत, त्याच डोंगरात शंभराहून अधिक शैलगृहे असलेला कृष्णगिरी महाविहार, म्हणजेच आजची कान्हेरी लेणी, उभा आहे. नारा ही राजधानी वसली इ. स. ७१० मध्ये. त्या वेळी कृष्णगिरीवरील भिक्खुसंघाला सहा शतके होऊन गेली होती. तेव्हा आपल्याकडे काही उरले नाही, हे विधान वास्तूंपुरते तरी खरे नाही. मग त्या उद्गारामागची खंत कशाची आहे? आमच्या अभ्यासमंडळाने पावसाळ्याच्या आरंभी कोंडिविटे, मागाठाणे आणि कान्हेरी ही तीन ठिकाणे एका क्रमाने पाहिली, ती हाच प्रश्न मनाशी धरून. त्या पाहणीत आणि नारासंबंधीच्या वाचनात जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जळूनही उरलेले नगर

नाराचे राजधानीपण अल्पकाळचे होते. इ. स. ७८४ मध्ये राजदरबार तेथून हलला. परंतु विहार तेथेच राहिले. त्यांतील तोदाई-जी या महाविहाराशी एका भारतीय भिक्खूचे नाव कायमचे जोडले गेले आहे. बोधिसेन हा भिक्खू इ. स. ७३६ मध्ये जपानात पोहोचला आणि इ. स. ७५२ मध्ये महाबुद्धाच्या कांस्यमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी त्याच्याच हस्ते झाला. ज्या कुंचल्याने त्याने मूर्तीच्या डोळ्यांत बाहुल्या रेखल्या, त्या कुंचल्याला लांब दोरे बांधलेले होते. जमलेल्यांनी ते हाती धरावेत आणि त्या पुण्यकर्मात सहभागी व्हावे, हा त्यामागील हेतू. तो कुंचला तेथील शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवलेला आहे.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज यात्रेकरू जे मंदिर पाहतात, ते बोधिसेनाने पाहिलेले मंदिर नव्हे. इ. स. ११८० च्या युद्धात ते जळाले. चोगेन नावाच्या भिक्खूने गावोगाव दान मागून त्याची पुन्हा उभारणी केली. इ. स. १५६७ मध्ये ते दुसऱ्यांदा जळाले आणि महाबुद्धाची मूर्ती दीर्घकाळ उघड्यावर राहिली. सध्याची वास्तू इ. स. १७०९ ची असून ती मूळ वास्तूपेक्षा रुंदीने पुष्कळच लहान आहे. मूर्तीचे मस्तकही नंतरच्या काळातले आहे. म्हणजे प्राचीन म्हणून ज्याला आपण हात जोडतो, त्यातील लाकूड आणि बराचसा धातू प्राचीन नाही. प्राचीन आहे ती पुन्हा उभारण्याची परंपरा.

ही परंपरा कशी चालते, हे तोदाई-जीच्याच आवारातील निगात्सुदो या मंदिरात पाहावयास मिळते. निगात्सुदो म्हणजे दुसऱ्या महिन्याचे मंदिर. तेथे शुनी-ए नावाचा प्रायश्चित्तविधी इ. स. ७५२ मध्ये जित्चू या भिक्खूने सुरू केला. तेव्हापासून तो एकाही वर्षी खंडित झालेला नाही, असे तेथील संघ सांगतो. इ. स. १६६७ मध्ये विधी चालू असतानाच मंदिर जळून गेले. दोन वर्षांत ते पुन्हा उभे राहिले आणि विधी चालूच राहिला. इ. स. २०२१ मध्ये महामारीच्या छायेत त्याची १२७० वी आवृत्ती पार पडली. दरवर्षी १ मार्चपासून दोन आठवडे ११ भिक्खू सर्व लोकांच्या वतीने दोषांची कबुली देतात. ही कबुली ज्याच्यापुढे द्यावयाची, तो अकरा मुखांचा अवलोकितेश्वर होय. जपानी लोक त्यास कान्नोन म्हणतात. निगात्सुदोतील त्याच्या मूर्ती गुप्त आहेत. विधी करणाऱ्या भिक्खूंनाही त्यांचे दर्शन घडत नाही.

या विधीतील दोन गोष्टी आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली पाण्याची. १२ मार्चच्या रात्री, पहाट होण्यापूर्वी, मंदिराखालच्या विहिरीतून पाणी काढून अवलोकितेश्वरास अर्पण केले जाते. परंपरा अशी सांगते की, विधीला उशिरा पोहोचलेल्या वाकासा प्रांतातील एका देवतेने क्षमायाचना म्हणून हे पाणी देऊ केले. त्या प्रांतातील लोक आजही काही दिवस आधी नदीत पाणी सोडतात आणि ते भूमिगत मार्गाने नाराला पोहोचते, अशी श्रद्धा बाळगतात.

दुसरी गोष्ट नावांची. दोन रात्री एक जुनी नामावली मोठ्याने वाचली जाते. तोदाई-जीच्या उभारणीला आणि पुनरुभारणीला ज्यांनी हातभार लावला, त्यांची ही नावे. सम्राट शोमूपासून ती सुरू होते, पण सम्राटापाशी थांबत नाही. महाबुद्धाची मूर्ती घडविणारा शिल्पी तीत आहे, दान देणारे तीत आहेत. तेराव्या शतकाच्या सुमारास एक भिक्खू ही नामावली वाचीत असता निळ्या वस्त्रातील एक स्त्री त्याच्यापुढे प्रकटली आणि माझे नाव का गाळले, असे तिने विचारले, अशी कथा आहे. तिचे नाव त्यास ठाऊक नव्हते. तेव्हा त्याने हळू आवाजात 'निळ्या वस्त्रातील स्त्री' एवढेच उच्चारले. तेव्हापासून आजपर्यंत नामावलीत त्या ठिकाणी ते शब्द दरवर्षी वाचले जातात.

पाणी आणि नावे, या दोन गोष्टी मनात ठेवून आता आपण आपल्या उपनगरांकडे वळू.

कोंडिविटे : नाव बदललेला विहार

अंधेरी पूर्वेकडून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याकडे जाणाऱ्या मार्गास महाकाली गुंफा मार्ग असे नाव आहे. या मार्गावरील लेणी जवळच्या देवीमंदिरावरून महाकाली लेणी म्हणून ओळखली जातात. अभ्यासकांमध्ये त्यांचे नाव कोंडिविटे. एका टेकडीच्या दोन बाजूंना मिळून १९ लेणी असून त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास मानला जातो. इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत येथे काम होत राहिले.

येथील ९ क्रमांकाचे चैत्यगृह पश्चिम भारतात जवळजवळ एकमेव म्हणावे असे आहे. बाहेर आयताकृती दालन आणि आत, स्वतंत्र भिंतीने वेढलेली, गोल स्तूपकोठी. दगडात कोरलेल्या त्या गोल झोपडीला जाळीच्या खिडक्या आहेत. बिहारमधील बराबर टेकडीवर मौर्यकाळात कोरलेल्या गुंफांची आठवण करून देणारी ही रचना होय. कार्ले, भाजे येथे चैत्यगृहाची जी परिचित घडण दिसते, तिच्याहून ही वेगळ्या वळणाची आहे.

खिडकीच्या वर ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह येथे विहार दान केला, असे तो सांगतो. बौद्ध विहाराला ब्राह्मणाने दिलेले दान, ही त्या काळच्या समाजजीवनावर प्रकाश टाकणारी नोंद आहे. आमच्याबरोबर आलेल्या तरुणांपैकी कित्येकजण या मार्गाने वर्षानुवर्षे कामावर जात-येत होते. त्या टेकडीवर लेख आहे आणि त्यात दोन भावांचे दान नोंदलेले आहे, हे मात्र त्यांनी त्या दिवशी प्रथमच ऐकले. यात त्यांचा दोष नाही. विहाराचे नाव बदलले, आणि नावाबरोबर त्याच्याविषयीची विचारपूसही थांबली.

मागाठाणे : मंगलस्थान

बोरिवली पूर्वेला पश्चिम द्रुतगती महामार्गावरून जाणाऱ्या मेट्रो मार्गिकेवर इ. स. २०२२ पासून मागाठाणे नावाचे स्थानक आहे. सहस्रावधी प्रवासी ते नाव रोज ऐकतात. कान्हेरीच्या एका शिलालेखात 'मंगलठान' या गावातील शेताचे दान संघास दिल्याचा उल्लेख येतो. ते मंगलस्थान म्हणजेच आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे या गावच्या शेतात पिकणाऱ्या धान्यावर डोंगरातील भिक्खूंची चीवरे आणि भोजन चालत असे.

पुढे सहाव्या शतकाच्या सुमारास याच गावी लेणी कोरली गेली. कान्हेरीसारखी ती उंच डोंगरात नाहीत. सपाटीलगतच्या खडकात आहेत, आणि हेच त्यांच्या मुळावर आले. उपनगर वाढत गेले, तशी घरे लेण्यांना चिकटली, मग लेण्यांत शिरली. ज्या भिंतींवर बुद्धप्रतिमा आहेत त्यांच्या अगदी जवळ संसार मांडले गेले. शिल्पे झिजली, काही ओळखू येईनाशी झाली. ज्यांना या शहरात दुसरीकडे छप्पर मिळाले नाही, अशा कष्टकऱ्यांनी ही घरे बांधली. त्यांना दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. चीवर आणि भोजन देणाऱ्या गावचे विहार इतके सहज विस्मरणात गेले की घर बांधणाऱ्याला ते नुसते खडकातले खोदकाम वाटले, ही खरी हानी होय.

येथे नाराची एक गोष्ट तुलनेसाठी सांगणे उचित होईल. यात्रेकरूंना आवडणारी तेथील जुनी वस्ती नारामाची या नावाने प्रसिद्ध आहे. लाकडी जाळ्यांची घरे, दुकाने, अरुंद गल्ल्या असे तिचे रूप. ही संपूर्ण वस्ती गांगो-जी या विहाराच्या आवारावर वसलेली आहे. विहाराचे सामर्थ्य ओसरले, इ. स. १४५१ च्या उठावात त्याच्या मुख्य इमारती जळाल्या, आणि मोकळ्या झालेल्या भूमीवर कारागीर आणि व्यापारी यांनी घरे बांधली. तेव्हा विहाराच्या जागेवर वस्ती होणे ही केवळ आपल्याकडचीच घटना नव्हे. परंतु तेथे विहाराचा एक भाग उरला, त्याच्या छपरावर सहाव्या-सातव्या शतकातील काही कौले आजही आहेत, आणि भोवतालच्या वस्तीला आपण कोणाच्या अंगणात राहतो हे ठाऊक आहे. इ. स. १९९८ मध्ये गांगो-जीचा समावेश प्राचीन नाराच्या जागतिक वारशात झाला. मागाठाणे येथे स्थानकाच्या फलकावर मंगलस्थानाचे नाव उरले आहे. त्या नावाचा अर्थ तेथील मुलांना सांगणारे मात्र फार थोडे आहेत.

कान्हेरी : पाण्याचा आणि नावांचा डोंगर

राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत गेल्यावर कान्हेरीचा डोंगर लागतो. बहुतेक सहली ३ क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी रेंगाळतात, आणि ते स्वाभाविकही आहे. ३४ स्तंभांचे ते दालन सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी कोरविले. स्तंभांपैकी काहींना नक्षीदार शीर्षे आहेत, तर बाकीचे साधे अष्टकोनी राहिले. काम पुरे होण्यापूर्वीच कोठेतरी हात आखडता घ्यावा लागला असावा. दर्शनी लेखात या दोन भावांबरोबर कामावर देखरेख करणारा भिक्खू आणि पाथरवट कारागीर यांचाही निर्देश आहे.

परंतु कान्हेरीचे मर्म चैत्यगृहापेक्षा त्या लहान लहान लेण्यांच्या दाराशी आहे. पावसाच्या पहिल्या सरींत आम्ही तेथे होतो. कातळावर पडलेले पाणी कोरीव पन्हळींतून वाहत येऊन प्रत्येक लेण्याजवळच्या टाक्यात उतरत होते. शिलालेखांत या टाक्यास 'पोढी' म्हटले आहे. जवळजवळ प्रत्येक विहाराला आपली पोढी आहे. खालच्या ओढ्यावर प्राचीन बांधाचे अवशेषही नोंदले गेले आहेत. चार महिने कोसळणारा आणि आठ महिने न फिरकणारा पाऊस साठवून शेकडो भिक्खूंना वर्षभर पुरविणारी ही व्यवस्था होती. वर्षावासासाठी एकत्र येणाऱ्या संघाला डोंगरमाथ्यावर राहता आले, ते या पोढ्यांमुळे.

आणि या पोढ्या कोणी दिल्या, हे दगडावर लिहिलेले आहे. कान्हेरीत लहानमोठे सुमारे शंभर लेख आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी त्यांचा ग्रंथ इ. स. १९९१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. या लेखांतील माणसे पाहावीत. कल्याणचा सोनार सामिदत्त याने पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने पायवाट करून दिली. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित याने आपल्या कुटुंबासह दान दिले. धेनुकाकट येथील एका उपासकाची कन्या, सापा नावाची भिक्खुणी, हिने आपली बहीण रतिनिका आणि इतर आप्त यांच्यासह लेणे आणि पोढी चातुर्दिश संघाला अर्पण केली. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी महाक्षत्रप रुद्रदामनाची कन्या होती, हे इतिहासाला ज्या लेखावरून समजले, तो लेखही सतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पोढीचाच आहे. सातवाहन आणि क्षत्रप या दोन शत्रुघराण्यांतील सोयरिकीचा पुरावा पाण्याच्या टाक्यावर उरावा, हे आम्हास अर्थपूर्ण वाटते.

दान केवळ एकदा देऊन दात्याचे काम संपत नसे. 'अक्षयनीवी' म्हणजे मुद्दल न मोडता व्याजातून अखंड चालणारी ठेव. तिच्या उत्पन्नातून पावसाळ्यात येथे राहणाऱ्या भिक्खूला चीवर मिळत असे. ही प्रथा शतकानुशतके टिकली. इ. स. ४९४-९५ च्या ताम्रपटात कृष्णगिरी महाविहाराचे नाव येते. सिंधू देशातून आलेल्या बुद्धरुचीने सारिपुत्ताच्या स्मरणार्थ येथे स्तूप उभारला, असे त्यातून समजते. इ. स. ८५४ च्या सुमारास राष्ट्रकूट अमोघवर्ष आणि त्याचा शिलाहार मांडलिक कपर्दी यांच्या काळात गौड देशातील, म्हणजे बंगालमधील, अविघ्नाकर या उपासकाने १०० द्रम्मांची ठेव ठेवली. त्याच शतकातील एका लेखात विहाराची दुरुस्ती, भिक्खूंची वस्त्रे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद केलेली आढळते. ग्रंथखरेदीसाठी नेमून दिलेली ही रक्कम वाचताना, बोरिवलीच्या या डोंगरावर एके काळी ग्रंथालय होते, हे मनाशी नीट उमटते.

८७ क्रमांकाच्या लेण्याजवळ विटांच्या लहान स्तूपांच्या रांगांचे अवशेष आहेत. ही दिवंगत स्थविरांची स्मृतिभूमी. तेथील स्मृतिलेखांत अर्हत, त्रैविद्य, षडभिज्ञ अशी विशेषणे लावून थेरांची नावे कोरलेली आढळली. म्हणजे दात्यांची नावे दाराशी आणि आचार्यांची नावे स्मृतिभूमीत, अशी या महाविहाराची रचना होती. नाराच्या नामावलीत जे कागदावर आहे, ते येथे कातळावर आहे.

अकरा मुखे

आता ४१ क्रमांकाच्या लेण्याकडे. चैत्यगृहापासून हे दूर असल्याने सहलीचे लोक येथे क्वचितच पोहोचतात. येथे अवलोकितेश्वराची एक उभी मूर्ती आहे. मुख्य मुखाच्या वर लहान मुखांचे थर रचलेले असून एकूण मुखे अकरा आहेत. सहाव्या शतकाच्या आसपासची ही मूर्ती भारतातील शैलगृहांत या रूपाची एकमेव ज्ञात मूर्ती मानली जाते. चहू दिशांना आणि वर-खाली पाहून कोणाचेही दुःख नजरेतून सुटू नये, हा या अनेक मुखांचा सामान्यतः सांगितला जाणारा अर्थ होय.

या रूपाचे सूत्र चीनमध्ये प्रथम सहाव्या शतकात भाषांतरित झाले. पुढे इ. स. ६५६ मध्ये ह्यूएन त्संगाने ते पुन्हा भाषांतरित केले. तेथून हा अवलोकितेश्वर जपानात गेला आणि तेथे तो इतका रुजला की असंख्य विहारांत त्याच्या मूर्ती घडल्या. निगात्सुदोत ज्याच्यापुढे भिक्खू दोषांची कबुली देतात आणि ज्याला पहाटेपूर्वीचे पाणी अर्पण करतात, तो हाच अवलोकितेश्वर. कान्हेरीच्या मूर्तीवरूनच नाराची मूर्ती घडली, असे आम्ही मुळीच सुचवीत नाही. तसा पुरावा नाही. मात्र एकाच करुणेच्या रूपाची दोन टोके या दोन डोंगरांवर आहेत, एवढे निःशंक म्हणता येते. नाराची मूर्ती कोणाला दिसत नाही, पण तिच्यापुढे दरवर्षी नावे वाचली जातात. कान्हेरीची मूर्ती कोणालाही दिसू शकते, आणि तिच्या भोवतालची नावे कोणी वाचीत नाही.

खंड कोठे पडला?

कृष्णगिरी ओस कधी पडला, याची नेमकी तारीख सांगता येत नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे पाहुणे येत होते, हे निश्चित. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी प्रवाशांनी आपली नावे आणि दिवस कोरून ठेवले आहेत. त्यांतील वर्षे इ. स. १००९ आणि १०२१ अशी येतात. दुसऱ्या धर्माच्या मंडळींना लांबून पाहावयास यावे असे ते स्थान होते आणि त्यांना तेथे आपली नावे कोरू दिली गेली, यावरून त्याची प्रतिष्ठा आणि औदार्य दोन्ही समजतात.

त्यानंतर लेख थांबतात. राजाश्रय दुसरीकडे वळला, सोपारा-कल्याण या बंदरांच्या व्यापाराचे स्वरूप पालटले, ठेवी सांभाळणाऱ्या श्रेणी मोडल्या, मगधातील महाविहार नष्ट झाले. ही कारणे इतिहासकार देतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा मोठ्या चैत्यगृहाचे त्यांनी काही काळ चर्च केले. त्याच काळाच्या अखेरीस दिओगो दो कूतो या पोर्तुगीज इतिहासकाराने कान्हेरीविषयी स्थानिक लोकांत चालत असलेली एक कथा नोंदली. संन्यासी होण्याचे भाकीत असलेल्या राजपुत्रासाठी ही लेणी कोरली गेली, अशी ती कथा. युरोपात संत जोसाफात म्हणून जो पूजिला जात असे, त्याच्याशी त्याने तिचा संबंध जोडला. जोसाफात हे नाव मुळात बोधिसत्त्व या शब्दाचेच रूप, हे पुढे अभ्यासकांनी सिद्ध केले. विहार ओस पडून कित्येक शतके लोटली, तरी सिद्धार्थाच्या कथेचा एक तंतू या परिसरातील लोकांच्या तोंडी राहिला होता, हे केवढे आश्चर्य!

कोणी म्हणेल, नाराला राजाश्रय अखंड लाभला, आपल्याला लाभला नाही; तुलना अन्यायाची आहे. हा आक्षेप पूर्णतः खरा नाही. नारावर युद्धे आली, आगी आल्या. इ. स. १८६८ नंतर तर खुद्द शासनानेच बुद्ध आणि शिंतो यांची फारकत केली, तेव्हा तेथील बलाढ्य कोफुकू-जी विहाराच्या भूमी गेल्या, त्याचे भिक्खू कासुगाच्या देवस्थानाचे पुजारी झाले आणि आवाराच्या भिंती पाडल्या गेल्या. तरीही कोफुकू-जी पुन्हा उभे राहिले. आपल्याकडे कातळ टिकला आणि संघ गेला. तेथे लाकूड पुनःपुन्हा गेले आणि संघ राहिला. संघ राहिला म्हणून लाकूड परत आले. यात्रेकरूंच्या उद्गारामागची खंत वास्तूंची नसून या अखंडतेची आहे, असे आमच्या पाहणीअंती आम्हास वाटते.

आपल्या हाती काय आहे?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रात बौद्ध समाज पुन्हा उभा राहिला आणि कान्हेरीच्या पायऱ्यांवर वंदनेचे स्वर नव्याने उमटले. हजार वर्षांचा खंड यामुळे पुसला जाणार नाही आणि तो पुसण्याचा आव आणणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. लेणी संरक्षित आहेत. तेथे दिवे लावणे, मूर्तींना हात लावणे, नवे काही कोरणे या गोष्टी कायद्याने आणि विवेकानेही निषिद्ध आहेत. मग नाराहून आलेल्या बांधवाने करावे तरी काय?

त्याने नावे वाचावीत. त्यासाठी मूर्तीला स्पर्श करावा लागत नाही की कोणाची विशेष अनुज्ञा लागत नाही. वर्षावासाचा आरंभ आषाढी पौर्णिमेस होतो. त्या सुमारास कान्हेरीच्या पोढ्या भरू लागलेल्या असतात. उपनगरांतील विहारांनी आपल्या मुलामुलींना त्या दिवसांत डोंगरावर न्यावे, आणि एखाद्या भरत्या पोढीजवळ उभे राहून दात्यांची नामावली सावकाश म्हणावी : सामिदत्त सोनार, नंद लोहार, नागपालित मणिकार, भिक्खुणी सापा, तिची बहीण रतिनिका, अमात्य सतेरक, सिंधूचा बुद्धरुची, गौडाचा अविघ्नाकर. ज्या लेखांतील नावे झिजून गेली आहेत, त्यांच्या ठिकाणी 'ज्याचे नाव उरले नाही तो दाता' असे म्हणून थांबावे. निळ्या वस्त्रातील स्त्रीला नाराने जी जागा दिली, ती आपणही आपल्या अनामिकांना देऊ शकतो.

उतरताना मागाठाण्याला थांबावे आणि हे मंगलस्थान आहे, येथल्या शेताने संघाला पोसले, असे मुलांना सांगावे. कोंडिविट्याच्या गोल कोठीपाशी त्या दोन भावांची आठवण काढावी. आमच्या मंडळाने यंदा एवढेच केले. पाऊस वाढल्यामुळे यादी अर्ध्यावर थांबवून लेण्यात आश्रय घ्यावा लागला, आणि उरलेली नावे आम्ही आतल्या दगडी बाकावर बसून वाचली. शेजारीच पोढीत पाणी पडत होते. बाराशे-तेराशे वर्षांची अखंडता आम्हास लाभलेली नाही. परंतु कोणत्याही परंपरेला कधीतरी पहिले वर्ष असतेच. निगात्सुदोलाही ते इ. स. ७५२ मध्ये होते.